दारातला डबा

३ नोव्हेंबर

पोचले! ट्रंक अजून उघडली नाही, पण ही वही आधी उघडली. घर पाहून जीव हरखून गेला आहे. दोन खोल्या, मागे मोरी, स्वयंपाकघराला स्वतःची खिडकी आणि घरात नळ. आई आली की आधी नळ सोडून बघेल, मग बंद करेल, मग पुन्हा सोडेल. सगळं आयुष्य तिने लोकांच्या मोऱ्यांत भांडी घासली, पण स्वतःच्या घरात तिला नळ मिळाला नाही. आता मिळेल. मी जरा स्थिरस्थावर झाले की आई आणि धाकटी दोघींना इकडे आणायचं, हे ठरवूनच नोकरी घेतली आहे.

नोकरी कारखान्याच्या आरोग्य केंद्रात सहायक म्हणून. मुलाखतीची आठवण आली की अजून हसू येतं. पदवीचा कागद मी प्लास्टिकच्या पिशवीत, त्यावर कापडी पिशवीत, असा जपून नेला होता. आमच्या घरातला तो पहिलाच! डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. एका नळीत फुंकायला लावलं. नळीतला निळा चेंडू टणकन वरच्या टोकाला जाऊन चिकटला, तसे डॉक्टर खुर्चीतून उठलेच. म्हणाले, छाती अगदी कोरी आहे हो तुमची. म्हणजे तीन वर्षं घासून काढलेला पहिला वर्ग एकीकडे आणि फुंकण्यातला पहिला नंबर एकीकडे. मग घरात कोण कोण आहे ते विचारलं. आई आणि धाकटी बहीण म्हटल्यावर त्यांनी समाधानाने मान हलवली. क्वार्टर कुटुंबासाठीच असतं म्हणे, एकट्यादुकट्याला फार दिवस ठेवत नाहीत.

वसाहत कारखान्याच्या भिंतीला अगदी लागून आहे. धुराड्यातून तपकिरी धूर निघतो आणि वर न जाता इकडेच वाकतो. वास चमत्कारिक आहे. आधी फार पिकलेल्या फळांसारखा गोड, मग त्याच्याखालून केस जळल्यासारखा. शेजारच्या काकू म्हणाल्या, घाबरू नको पोरी, दोन दिवसांत नाक मरतं, मग कसला वास आणि कसलं काय.

पण एका गोष्टीने मी इतकी प्रभावित झाले की काय सांगू. इथे रस्त्यावर कुणीही थुंकत नाही! याच विषयावर भाषण करून मी कॉलेजात बक्षीस मिळवलं होतं, आणि ऐकणारे बाहेर पडून पायऱ्यांवरच थुंकले होते. इथे प्रत्येक दारात झाकणाचा स्टीलचा डबा आहे. खोकला आला की माणूस डब्यापाशी जातो, झाकण उघडून आत थुंकतो, झाकण लावून पुन्हा कामाला लागतो. रोज सकाळी हातगाडीवाला भरलेले डबे नेतो आणि धुतलेले ठेवतो. तपासणीला जातात म्हणे. अशी शिस्त मी कुठे पाहिली नव्हती.

माझ्याही दारात डबा आला आहे. नवा कोरा. आत तोंड दिसतं.

९ नोव्हेंबर

काम समजलं. घरोघर जायचं, लोकांना फुंकायला लावायचं, चेंडू कुठवर गेला ते टिपायचं आणि डब्यांची झाकणं घट्ट आहेत का ते बघायचं. बहुतेकांचा चेंडू जागचा हलत नाही. काकूंचे यजमान भट्टीवर होते, आता घरीच असतात. त्यांनी इतका जोर लावला की मानेच्या शिरा दोरीसारख्या झाल्या, पण चेंडू आपला तळाशी. काकू म्हणाल्या, तरुणपणी असाच जोर लावला असता तर मला सोन्याच्या बांगड्या मिळाल्या असत्या. काका हसायला गेले आणि ते हसणं खोकल्यात बुडालं. काकूंनी पाठीवर एक हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने डब्याचं झाकण उघडलं, न बघता. आपण दुधाखालचा गॅस बंद करतो ना, तसं.

सगळ्या वस्तूंवर एक चिकट तपकिरी थर बसतो. सकाळी पुसलेली खिडकी संध्याकाळी बोटाला चिकटते. पाणी झाकून ठेवलं तरी वर साय धरते. ती मी चमच्याने काढली तर अखंड निघाली आणि चमच्याला लोंबत राहिली. दुधाच्या सायीचं मला लहानपणी फार वेड होतं. आता राहणार नाही.

आईला पत्र लिहिलं तरी तिला स्वतः वाचता येत नाही. धाकटी वाचून दाखवते. लहानपणी मी गृहपाठ लिहायला बसले की आई वही हातात घ्यायची, डोळ्यांजवळ न्यायची आणि दर वेळी एकच म्हणायची, किती सुंदर अक्षर गं तुझं. एकदा मी रागाने वहीत "आई मारते" असं लिहिलं होतं. त्यावरही तेच म्हणाली.

केंद्रातल्या फोनवरून आमच्या गल्लीतल्या शिंपीकाकांच्या दुकानात फोन केला. त्यांनी आईला बोलावून आणलं. आई फोनवर ओरडूनच बोलते, जणू मी गच्चीवर आहे आणि ती खाली. जेवलीस का, झोपलीस का, आणि नळाला पाणी रोज येतं का, एवढंच तीनदा विचारलं.

१७ नोव्हेंबर

आज डबा पाहिला. म्हणजे आतून.

सहाव्या घरातल्या आजीबाईंना झाकण उघडता येईना म्हणून मी उघडून दिलं. आत थुंकी असेल असं वाटलं होतं. थुंकी नव्हती. तपकिरी, लवचीक असं काहीतरी होतं, शिजलेल्या खळीसारखं, आणि त्याला धागे होते. आजीबाई वाकल्या, खाकरल्या, आणि त्यांच्या तोंडातून तशीच एक लड बाहेर आली. ती तुटेना. त्यांनी ती बोटांना गुंडाळली आणि हळूहळू ओढून काढली, शिवणीतून दोरा ओढावा तशी. मग पदराला तोंड पुसून मला विचारलं, चहा घेणार का? कप त्याच हातात होता.

मी नाही म्हटलं. गल्लीच्या टोकाला जाऊन ओकले. तेही रस्त्यावर. एका बाईने मला हटकलं, शिकलेल्या दिसता आणि रस्ता घाण करता?

पण नाक मुरडून काय होणार? लोकांच्या छातीत हे साठलंय, निघताना जीव जातोय, आणि मी पदवी घेऊन चेंडू मोजत बसले आहे. आईला सर्दी झाली की ती वाफारा घ्यायची, घमेलं, गरम पाणी आणि डोक्यावरून चादर. साधा उपाय. डॉक्टरांना विचारलं. ते कायम तोंडाला फडकं बांधून असतात, सर्दी आहे म्हणतात. फडक्याच्या वर फक्त डोळे दिसतात. ते चकाकले. म्हणाले, हे आम्हाला इतकी वर्षं कसं सुचलं नाही!

२६ नोव्हेंबर

रोज सकाळचे वाफारे सुरू झाले आणि यश मिळालं! पहिल्या दिवशी कुणी पुढे येईना, तेव्हा मीच आधी बसले, सगळ्यांसमोर, चादर घेऊन. पाणी इथल्याच नळाचं, वरची साय काढून घेतलेलं. तो गोड वास नाकात अगदी आतपर्यंत गेला, पण मी तोंड वाकडं केलं नाही. मग एकेक जण बसला. केंद्राच्या अंगणात रांगेने चादरी आणि चादरींखाली खाकरणारी माणसं. दिसायला विनोदी, ऐकायला भयंकर. पण नंतर काकांनी कितीतरी दिवसांनी सलग एक वाक्य पूर्ण बोलून दाखवलं. वाक्य काकूंच्या स्वयंपाकाला नावं ठेवणारं होतं, तरी काकू रडल्या.

डबे दुपारीच भरतात. हातगाडीवाला कुरकुरतो, ताई, तुमच्यापायी माझ्या दोन खेपा वाढल्या.

डॉक्टरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि मोठं क्वार्टर देऊ म्हणाले, कुटुंब लवकर बोलवा. मी लगेच फोन केला. पुढच्या महिन्याच्या मध्यावर धाकटीच्या परीक्षा संपतात, मग दोघी येतील. धाकटी फोन हिसकावून म्हणाली, ताई, मला खिडकीजवळची खाट हवी, आत्ताच सांगून ठेवते.

२ डिसेंबर

सकाळी उठले तर घशात काहीतरी अडकलं होतं. केस असावा असं वाटलं. आरशासमोर तोंड उघडून बोटांनी धरलं आणि ओढलं. येतच राहिलं. छातीत खोल कुठेतरी ते सुटताना कळत होतं, एकेक टाका उसवावा तसं. उबदार होतं. चव गोड होती. हे मला लिहायचं नव्हतं, पण चव गोड होती आणि तोंडाला पाणी सुटलं.

डब्यात टाकलं. झाकण लावायच्या आधी वाकून पाहिलं. पदवी विज्ञानाची आहे, बघायला हवं. माझा श्वास त्याच्यावर पडला आणि ते हललं. मी तोंड डावीकडे नेलं तर ते डावीकडे वळलं, उजवीकडे नेलं तर उजवीकडे. तान्ह्या बाळाच्या गालाला बोट लावलं की ते तोंड वळवतं ना, तसं.

मी दिवसभर दात घासते आहे.

४ डिसेंबर

डॉक्टरांना विचारलं, तपासणीचे अहवाल कुठे असतात. म्हणाले, वर जातात. काकूंना विचारलं, तुम्हाला कधी अहवाल मिळाला का. त्या डब्याचं झाकण दाबून आत पोळ्या लाटायला गेल्या. म्हणून आज हातगाडीच्या मागे मी स्वतः गेले.

प्रयोगशाळा नाही. गाडी कारखान्याच्या मागच्या फाटकाने एका शेडमध्ये गेली. तिथे मोठा हौद आहे आणि डबे त्यात उपडे करतात. काठावर शेडचा मुकादम जेवत बसला होता. मला पाहून खूश झाला, म्हणाला, वाफाऱ्याच्या बाई ना तुम्ही? या, बसा, तुमचाच माल आहे हा. आणि भाताची शितं लागलेल्या हाताने बांबू घेऊन ढवळू लागला.

मला सगळं माहीत असेलच, असं धरून तो बोलत होता. धुरात एक फार बारीक, फार किमती पूड असते. पूर्वी सगळी वाऱ्यावर जायची. जाळ्या लावल्या, पडदे लावले, फवारे मारले, काही अडकेना. मग लक्षात आलं, की ती कामगारांच्या थुंकीत सापडते. ओली, उबदार, सारखी हलणारी इतकी बारीक चाळणी कोण बनवणार, बाई? म्हणून भिंतीला लागून वसाहत बांधली. जुन्या छात्या चामड्यासारख्या होतात, मग माल देत नाहीत. कोऱ्या लागतात. म्हणून कुटुंबवाले. लहान असेल तर उत्तमच.

त्यातही पूड धरून ठेवणारं हे जे चिकट आहे ना, ते छातीत रुजायला पूर्वी महिने जायचे, आता तुमच्या वाफेने एका बैठकीत रुजतं, म्हणाला. आणि तोंडभर हसला. त्याच्या हसण्याबरोबर हौदातलं सगळं त्याच्या बाजूला कललं.

त्याने घास पुढे केला, बाई, जेवणार का?

५ डिसेंबर

वाफारा बंद करायला केंद्रात गेले. अंगणात लोक आधीच चादरी घेऊन बसलेले. मी ओरडून सांगितलं, उठा, हे औषध नाही, आपल्याला पिळून काढताहेत. कुणी उठलं नाही. एकाने चादरीतून डोकं काढून म्हटलं, ताई, हळू बोला, वाफ जाते.

काकूंना घरी जाऊन सांगितलं. त्यांना ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक आहे. काकू म्हणाल्या, अगं, आम्ही काय डोळे मिटून बसलोय? आमचा थोरला कंटाळून निघून गेला होता, चांगल्या हवेच्या गावी. इथला धूर मिळेना तसं ते आत सुकलं, घट्ट झालं. परत आणला तेव्हा छातीवर टकटक केलं की दारावर वाजवल्यासारखं वाजायचं. एकदा रुजलं की इथेच राहायचं आणि काढत राहायचं, दुसरं काय?

मग मला का नाही सांगितलंत, मी विचारलं. त्या म्हणाल्या, तू रांगेत सगळ्यांच्या आधी जाऊन बसलीस. बोलायला वेळ दिलास का कुणाला?

मी गेले कामातून. ठीक आहे. आई आणि धाकटी अजून तिकडे आहेत. त्यांना येऊ द्यायचं नाही. एवढं एकच करायचं आहे.

६ डिसेंबर

फोन लावला. शिंपीकाकांनी आईला बोलावलं. मी म्हणाले, आई, तू— आणि ते घशात वर आलं. पुन्हा म्हणाले, धाकटीला घेऊन इकडे— पुन्हा. तीनदा, चारदा. येऊ नका एवढे दोनच शब्द. ते जणू ऐकतं. त्याच दोन शब्दांना आडवं येतं. मी फोनमध्ये नुसती खोकत राहिले, ओकत राहिले, टेबलावर लड लोंबत होती आणि आई तिकडून ओरडत होती, अगं काय झालं, कुणी आहे का तिथे तुझ्याजवळ?

मग म्हणाली, थांब. परीक्षा गेली खड्ड्यात. आम्ही उद्याच निघतो.

फोन ठेवला तिने.

मीच बोलावलं. खोकून बोलावलं.

७ डिसेंबर

पुन्हा फोन. दुकान बंद. शिंपीकाका त्यांना गाडीत बसवून द्यायला गेले असतील—

आवाज पूर्ण गेला. तोंड उघडलं की मागे तपकिरी पडदा दिसतो. श्वासाबरोबर फुगतो, आत जातो. नाकाने श्वास घेते आहे. स्टँडवर जाऊन त्यांना तिथूनच परतवायचं म्हणून निघाले. कोपऱ्यापर्यंत गेले, पडले. हातगाडीवर घालून आणलं. डब्यांच्या मधे.

डॉक्टर आले. फडक्यावरून डोळे. म्हणाले, विश्रांती घ्या, घरचे येतील ना उद्या? आम्ही उतरवून घेऊ त्यांना.

उशीवर रात्रीतून जमलेलं. उशी आणि गाल, मधे धागे. उठताना तुटतात.

८ डिसेंबर

आल्या.

आईने आधी मला पोटाशी धरलं, मग डोळे पुसत नळ सोडून बघितला. बंद केला. पुन्हा सोडला.

मी दाराकडे बोट दाखवते, जा, जा. आई म्हणते वारं लागतंय का बाळ, आणि दार लावून घेते.

धाकटी कुठे? हाताने विचारलं. आई कौतुकाने सांगते, डॉक्टर काय देवमाणूस आहेत गं. उतरल्या उतरल्या न्यायला आले. धाकटीला नळीत फुंकायला लावलं, चेंडू वर चिकटला म्हणे, तुझ्यासारखाच. प्रवासाचा शीण जावा म्हणून तिला वाफारा द्यायला नेलंय केंद्रात. तुझीच युक्ती ना ती, सांगत होते ते. आता येईलच.

कागद. मोठ्या अक्षरांत लिहिलं. परत जा. पाणी पिऊ नका. वाफ घेऊ नका. धाकटीला आत्ता घेऊन या, पळा. आईच्या हातात दिला. तिने घेतला. डोळ्यांजवळ नेला. हसली. डोळे भरून आले तिचे.

म्हणाली, किती सुंदर अक्षर गं तुझं. तापातसुद्धा.

घडी घालून पोलक्यात ठेवला.

पुन्हा लिहिते आहे. धाकटी वाचेल. ती आली की वाचेल, आईला सांगेल, आईला तरी—

आईने पाणी तापत ठेवलंय. नळाचं. घमेलं शोधते आहे. मी हात धरते, ती सोडवून घेते, लहानपणीसारखं, हट्ट नको म्हणते.

दार वाजलं. धाकटी. केस ओले, गाल लाल. हातात नवा डबा, आत तोंड दिसतं म्हणून आईला दाखवते. खिडकीजवळची खाट बघून हसली.

कागद दिला. आईकडे बोट केलं. वाच. मोठ्याने वाच.

तिने ओळीवरून डोळे फिरवले. हसू गेलं. माझ्याकडे बघते. कळलं तिला, कळलं. आईकडे वळली. आई, म्हणाली, आई, ताई म्हणतेय की—

हात घशाशी गेला तिचा.

आई चादर उघडून उभी आहे. म्हणते, या गं दोघी आत, मीही बसते तुमच्यासोबत, एकटीने नको वाटतं ना, या, सरका, मला जरा जागा